खिंडीची उंची आणि अडचण

आमच्या चाकूरला डोंगर म्हणजे बालाघाट. फारसी 'बाला' म्हणजे वरचा. घाटावरचा मुलूख बालाघाट, घाटाखालचा पायीनघाट. भाच्याची बदली द्रासला झाली तेव्हा बहिणीने विचारले, "दादा, ती झोजीला किती उंच हाय रे?" साडेतीन हजार मीटर, मी म्हणालो. आकडा बरोबर होता, पण तिला विचारायचे होते ते वेगळेच: पोरगा संक्रांतीला येईल का?

'ला' म्हणजेच खिंड, हे जाता जाता. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारे ओले वारे झोजीलावर बर्फ ओततात आणि वाट बुजते. पूर्वी लेहहून यारकंदला जाणारे व्यापारी तांडे याहून कितीतरी उंच खिंडी ओलांडत. त्यांत सासेर ला सुमारे ५,४०० मीटर, पुढची काराकोरम ५,५०० मीटरच्या वर. तरी धास्ती ठेंगण्या सासेरचीच, कारण तिथली वाट हिमनदीवरून जाते. काराकोरमच्या माथ्यावर हिमनदी नाही. वाऱ्यातला ओलावा अलीकडच्या रांगांनीच शोषून घेतलेला. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

मात्र ज्या कोरडेपणाने वाट मोकळी ठेवली, त्यानेच चारा उगवू दिला नाही. विरळ हवेत उपाशी घोडी-खेचरे कोसळत. वाटेकडेला पडलेल्या त्यांच्या हाडांची नोंद अनेक प्रवाशांनी केली आहे.

आता झोजीलाखालून बोगदा खोदला जातो आहे. बहीण मात्र फोनवर अजून आधी बर्फाचेच विचारते.