पोलाद आधी आतून तुटतं

यूटीएमच्या, म्हणजे पोलाद ओढून तपासणाऱ्या यंत्राच्या, जबड्यात माइल्ड स्टीलचा 10 मिमी व्यासाचा गुळगुळीत नमुना धरला, की बराच वेळ तो नुसता लांबत राहतो. आयएस 2062 या भारतीय मानकानुसार ई250 दर्जाच्या पोलादाने तुटेपर्यंत किमान 23 टक्के लांबायला हवं. लोड शिखर गाठून उतरू लागला, की नजर नेकिंगवरून हलवायची नाही. नमुना एका जागी बारीक होत जातो, हेच नेकिंग, आणि अचानक मोठा आवाज होऊन त्याचे दोन तुकडे होतात.

ते तुकडे हातात घेऊन बघावेत. एकाला पेल्यासारखी कड असते, दुसरा त्यात बसेल असा. मधला भाग करडा, खरखरीत. कडेला 45 अंशांत कापल्यासारखा तिरका पट्टा. तडा मधोमध सुरू झाला आणि कडा शेवटी तुटली. बाहेरून नमुना धड दिसत होता, तेव्हाच आत तो फाटत होता.

कारण नेकिंग झालेल्या जागी मधल्या पोलादाला फक्त लांबीच्या दिशेने ओढ बसत नाही, आडवीही बसते. मँगनीज सल्फाइडसारख्या बारीक कणांभोवती पोकळ्या पडतात आणि तिन्ही दिशांच्या ओढीने फुगून एकमेकींना मिळतात.

हे पडताळायला लेथवर 2 मिमी त्रिज्येची गोल खाच घेतलेला नमुना लावायचा. खाचेतला व्यास तोच, 10 मिमी. तो गुळगुळीत नमुन्यापेक्षा जास्त लोड घेतो, पण फारसा न ताणताच तुटतो. सरासरी ताणाचं समतुल्य ताणाशी गुणोत्तर साध्या ओढीत एक तृतीयांश असतं. भौतिकशास्त्रज्ञ पर्सी ब्रिजमन यांच्या सूत्राने या खाचेच्या मध्यात ते सुमारे 1.14 येतं. पोकळ्यांच्या वाढीबद्दलच्या राइस आणि ट्रेसी यांच्या 1969 च्या मांडणीत हे गुणोत्तर घातलं, तर तेवढ्याच ताणण्यात पोकळ्या तिपटीहून जास्त वेगाने वाढतात. पोलाद तेच, खाच तेवढी नवी!

म्हणून प्रमाणपत्रावरचे 23 टक्के वाचून शाफ्टमधल्या कीवेच्या कोपऱ्याबद्दल किंवा बोल्टच्या आट्यांच्या मुळाबद्दल निर्धास्त राहणं मला पटत नाही. तो आकडा गुळगुळीत नमुन्याचा आहे.

ब्रिजमन यांनी उलट दिशेने जाऊन पाहिलं. प्रचंड दाबाखालच्या द्रवात ठेवून त्यांनी पोलाद ओढलं. चहूबाजूंच्या दाबामुळे पोकळ्यांना फुगायला वाव उरला नाही आणि नमुने हवेत कधीच होणार नाहीत इतके बारीक होत गेले.