कायदा राजधानीत, कचरा दारात

विद्यार्थी मित्रांनो, रोज सकाळी घंटागाडी येते. आपण टोपली रिकामी करतो आणि कचरा विसरून जातो. पण कचरा नाहीसा होत नाही. तो कोणीतरी उचलतो, कोठेतरी नेतो आणि या कामाचा खर्चही कोणीतरी करतो. हा खर्च कोणी करावा? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात या प्रश्नावर अनेक वर्षे चर्चा चालली आहे. ती आज आपण समजून घेऊ.

कॅलिफोर्निया राज्याचे ५८ भाग आहेत. प्रत्येक भागाला 'काउंटी' म्हणतात. काउंटी म्हणजे साधारणपणे आपला जिल्हा. तिचा कारभार लोकांनी निवडून दिलेले मंडळ पाहते. मोठी शहरे आपल्या कचऱ्याची व्यवस्था स्वतः करतात. शहरांबाहेरच्या वस्त्यांची जबाबदारी काउंटीवर असते. कायदे मात्र सॅक्रामेंटो या राजधानीत होतात.

१९८९ साली राज्याने एक महत्त्वाचा कायदा केला. जमिनीत पुरला जाणारा कचरा १९९५ पर्यंत २५ टक्के आणि २००० पर्यंत ५० टक्के कमी करा, असे त्याने शहरांना व काउंट्यांना सांगितले. हयगय करणाऱ्यास दिवसाला १०,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकत होता.

२०१६ साली आणखी एक कायदा झाला. तो ओल्या कचऱ्याविषयी होता. उरलेले अन्न, भाज्यांची साले, पाने, गवत जमिनीत पुरले की हवा न मिळता कुजतात. त्यातून मिथेन वायू तयार होतो. हा वायू पृथ्वीचे तापमान वाढवतो. म्हणून पुरला जाणारा असा कचरा २०१४ च्या मानाने २०२५ पर्यंत ७५ टक्के कमी करावा, असे ठरले. टाकून दिल्या जाणाऱ्या पण खाण्याजोग्या अन्नापैकी २० टक्के अन्न गरजूंपर्यंत पोहोचवावे, असेही ठरले. याचे नियम जानेवारी २०२२ पासून लागू झाले.

यावर काउंट्यांचे म्हणणे काय? हेतू चांगला आहे, हे त्यांना मान्य होते. त्यांची तक्रार वेगळी होती.

येथे एक गंमत सांगतो. तुमच्या उर्दूत 'तकरार' म्हणजे वादावादी. मराठीत 'तक्रार' म्हणजे गाऱ्हाणे. ज्याला तुम्ही 'शिकायत' म्हणता ती. काउंट्यांची तक्रार मराठीतली होती.

पहिले गाऱ्हाणे पैशांचे. नवे डबे, नव्या गाड्या, खत तयार करण्याची केंद्रे यांना पैसा लागतो. राज्याने नवे काम सांगितले तर खर्चही द्यावा, अशी तरतूद तेथील राज्यघटनेत १९७९ पासून आहे. पण स्थानिक संस्थेला लोकांकडून शुल्क घेण्याचा अधिकार असेल, तर राज्याला खर्च द्यावा लागत नाही. मग काउंटीने शुल्क वाढवावे, असे तुम्ही म्हणाल. परंतु १९९६ साली मतदारांनीच घटनेत दुसरी दुरुस्ती केली. अशा शुल्कवाढीपूर्वी मालमत्ताधारकांना नोटीस द्यावी लागते आणि बहुसंख्यांनी लेखी हरकत घेतली, तर वाढ करता येत नाही. इकडे आड, तिकडे विहीर!

दुसरे गाऱ्हाणे एकाच मापाचे. लॉस एंजेलिस काउंटीत सुमारे एक कोटी लोक राहतात. डोंगरातील अल्पाइन काउंटीची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत फक्त १,२०४ होती. दोघांना एकच नियम कसा चालेल? चार घरांचे खरकटे आणायला मैलोगणती ट्रक फिरवला, तर डिझेलचा धूरच जास्त होईल. शिवाय डोंगरात अस्वले असतात! खरकट्याचा डबा दाराबाहेर ठेवणे म्हणजे त्यांना जेवायला बोलावणे. हे म्हणणे राज्याने ऐकले. ४,५०० फूट व त्याहून उंच भागांना खरकटे वेगळे गोळा करण्यातून सूट मिळू लागली. लहान ग्रामीण काउंट्यांना दिलेल्या सवलतीची मुदत २०२४ च्या कायद्याने वाढवली.

राज्याची बाजूही पाहिली पाहिजे. मिथेनला काउंटीची हद्द कळत नाही. सर्वांना मोकळे सोडले, तर काही जण काहीच करणार नाहीत. म्हणून राज्याचा कायदा हवाच.

कधी कधी काउंटी राज्याच्याही पुढे जाते. घरात उरलेली जुनी औषधे गटारात टाकली, तर पाणी दूषित होते. ती परत घेण्याचा खर्च औषध बनवणाऱ्या कंपन्यांनीच करावा, असा नियम अलामेडा काउंटीने २०१२ साली केला. कंपन्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या. २०१४ साली निकाल काउंटीच्या बाजूने लागला. २०१५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला. पुढे २०१८ साली कॅलिफोर्नियाने असाच कायदा साऱ्या राज्यासाठी केला. एका काउंटीने वाट दाखवली आणि राज्य त्या वाटेने गेले.

मित्रांनो, हा प्रश्न आपल्याकडेही आहे. २०१६ साली केंद्र सरकारने घनकचऱ्याचे नियम केले. ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करा, असे त्यांत सांगितले. नियम दिल्लीत झाले. पण ते पाळून घेण्याचे काम आपल्या नगरपालिकेकडे आणि ग्रामपंचायतीकडे आले. घरात कचरा वेगळा केला नाही, तर गाडीवरच्या कामगाराला तो हातांनी निवडावा लागतो. त्यात फुटलेली काच असते, सुया असतात. त्याच्या हातांचा विचार आपण करायला नको का?

तुम्ही पत्रलेखनात तक्रारीचे पत्र लिहायला शिकता. तुमच्या मोहल्ल्यात गाडी येत नसेल, तर नगरपालिकेला असे पत्र जरूर लिहा. अडचण सांगा आणि उपायही सुचवा. मात्र पत्र टाकण्यापूर्वी आपल्या घरात दोन डबे ठेवले आहेत ना, ते पाहून घ्या.