तुतनखामनच्या थडग्याचं दप्तर

लक्झरजवळच्या राजांच्या खोऱ्यात नोव्हेंबर १९२२मध्ये हॉवर्ड कार्टरला तुतनखामनचं थडगं सापडलं. तिथला सोन्याचा मुखवटा जगाला माहीत आहे. माझ्या लेखी त्याच्याइतकंच मोलाचं आहे ते या खोदकामाचं दप्तर: कार्टर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी भरलेली टिपणकार्डं, नकाशे आणि हॅरी बर्टनने काचेच्या निगेटिव्हवर घेतलेली छायाचित्रं.

नंबर पडल्याशिवाय आणि फोटो निघाल्याशिवाय वस्तू जागची हलवायची नाही, अशी शिस्त होती. दफनकक्षाच्या बंद दाराशी राजाचे दोन काळे पुतळे समोरासमोर पहाऱ्याला उभे होते. त्यांना २२ आणि २९ हे क्रमांक मिळाले. मुखवटा २५६अ. बर्टन आधी वस्तू सापडल्या तशा टिपायचा, मग नंबराच्या चिठ्ठ्या ठेवून पुन्हा. फोटो धुवायला जवळचंच एक थडगं, आणि दुसऱ्या सेतीच्या थडग्यात प्रयोगशाळा. तिथे रसायनतज्ज्ञ आल्फ्रेड ल्यूकस आणि आर्थर मेस काम करत.

या कामाचा कस लागला तो २१ क्रमांकाच्या रंगीत पेटीत. युद्धाची आणि शिकारीची चित्रं असलेल्या या पेटीत पादत्राणं आणि राजाची वस्त्रं कोंबलेली होती. कापड हात लावताच विरत होतं, मण्यांचे दोरे कुजले होते. कापड वाचवायला जावं तर नक्षी विस्कटणार. नक्षी वाचवायची तर कापडावर पाणी सोडावं लागणार. मणी जागेवरच वितळलेल्या मेणाने धरून ठेवायचे, त्यांचा क्रम टिपून घ्यायचा आणि मग नव्याने ओवायचे. ही एक पेटी रिकामी करायला मेसला तीन आठवडे लागले. सगळं थडगं रिकामं व्हायला सुमारे दहा वर्षं गेली. वस्तू निघाल्या पाच हजारांवर.

कार्टर १९३९मध्ये वारला. त्याची भाची फिलिस वॉकर हिने हे दप्तर ऑक्सफर्डच्या ग्रिफिथ इन्स्टिट्यूटला दिलं. आज ते इंटरनेटवर कुणालाही पाहता येतं. कुठली वस्तू कशाखाली होती, कशाला टेकून होती, हे त्यामुळेच कळतं.

एक उणीव मात्र सलते. अहमद गेरिगर आणि इतर तीन मुकादमांचे कार्टरने पुस्तकात नावानिशी आभार मानले. पण बर्टनच्या छायाचित्रांत ओझी उचलणारे, टोपल्या वाहणारे कितीतरी इजिप्शियन मजूर दिसतात, आणि त्यांची नावं कुणीच लिहून ठेवली नाहीत.