जुना स्लायसर घरी आणताना

हॉटेलातले मांस कापायचे यंत्र निम्म्या किमतीत मिळते आहे म्हटल्यावर मोह होणे साहजिक आहे. पण सौदा पक्का करण्याआधी त्याचे पाते, त्याचा प्लग आणि त्याचे कानेकोपरे पाहून घेतलेले बरे.

नाताळ जवळ आला की वसईच्या, वांद्र्याच्या आणि गोव्याच्या अनेक घरांत स्वयंपाकघराचा नूर बदलतो. खारवलेली जीभ, हॅम, भाजलेले मांस यांचे पातळ, एकसारखे काप ताटात मांडायचे असतात. सुरीने कापताना पहिले चार काप सुबक येतात, पाचवा जाड होतो आणि सहावा तुटतो. अशा वेळी जवळचे एखादे हॉटेल बंद पडून त्याचे सामान विकायला निघते. त्यात एक स्लायसर असतो. घरातला कर्ता पुरुष उत्साहाने तो घेऊन येतो आणि गृहिणी पहिलाच प्रश्न विचारते, "हे धूड ठेवायचं कुठं?"

प्रश्न अगदी रास्त असतो. हॉटेलातला मध्यम आकाराचा स्लायसरही वीस-पंचवीस किलोंचा भरतो, मोठे तर याच्या दुप्पट. तो रोज उचलून कपाटात ठेवता येत नाही. ओट्यावर त्याची जागा कायमची धरावी लागते आणि ती लहान मुलांच्या हाताबाहेर असावी लागते. म्हणून बाजारात जाण्याआधी घरात मोजपट्टी लावावी.

खाटकाने केलेली सोय

या यंत्राचा जनक स्वतः खाटीक होता. नेदरलँड्समधील रॉटरडॅम शहरातल्या विल्हेल्म व्हान बर्केल यांनी १८९८ साली असे यंत्र बनवण्याचा कारखाना काढला. गोल फिरणारे पाते आणि त्याच्यापुढे मागेपुढे सरकणारा मांसाचा पाट, ही त्यांची मूळ कल्पना आजही तशीच टिकून आहे. हाताने फिरवायच्या चाकाची जागा विजेच्या मोटारीने घेतली आणि बहुतेक यंत्रांत पाट तिरका झाला, म्हणजे मांस स्वतःच्या वजनानेच खाली सरकते. कापाची जाडी एका गोल बटणाने ठरवता येते.

आधी पाते, मग किंमत

जुन्या यंत्रात सगळ्यात महाग आणि सगळ्यात झिजणारा भाग म्हणजे पाते. घरासाठी २५० मिलिमीटर व्यासाचे पाते पुष्कळ झाले. हॉटेलात बहुधा ३०० मिलिमीटरचे असते. दर वेळी धार लावताना पाते थोडे थोडे लहान होत जाते. पात्याची कड आणि तिच्याभोवतीचे संरक्षक कडे यांच्यातली फट सुमारे सहा मिलिमीटरांपेक्षा जास्त झाली असेल, तर पाते संपले असे समजावे. नवे पाते मिळते का आणि केवढ्याला, हे सौद्याआधीच विचारावे. ते मिळतच नसेल, तर फुकट दिलेले यंत्रही महागच.

सोबत पिकलेला टोमॅटो आणि एखादा बटाटा घेऊन जावे. टोमॅटोचा पातळ काप न चिरडता निघाला, तर धार ठीक आहे. काप एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पातळ येत असेल, तर पाटाच्या दांड्या झिजल्या आहेत. जाडीचे बटण शून्यावर आणले की पुढची पट्टी पात्याची कड पूर्ण झाकते की नाही, तेही पाहावे. झाकत नसेल, तर यंत्र बंद असतानाही ती कड उघडी राहते आणि पुसताना बोट कापते.

संरक्षक कडे, मांस दाबून धरायचा दांडा, धार लावायचे दगड हे सुटे भाग विक्रेते अनेकदा "त्याच्यावाचून काही अडत नाही" म्हणून सांगतात. अडते ते नेमके तिथेच. दांडा नसला की मांस हाताने ढकलले जाते, आणि मांस संपत आले की पात्याजवळ फक्त हात उरतो.

वीज गेली आणि परत आली

मुंबईत नागदेवी स्ट्रीट किंवा लोहार चाळीच्या बाजूला हिंडणाऱ्याला हे ठाऊक असते, की मोटार आधी कानाने पारखायची. यंत्र दहा मिनिटे तरी चालवून पाहावे. खरखर येत असेल तर बेअरिंग गेलेले असते, जळका वास येत असेल तर मोटार. मोटार घरगुती सिंगल फेजवर चालणारी आहे ना, हे पाटीवर वाचून घ्यावे. थ्री फेजची मोटार घरात निरुपयोगी असते. परदेशातून आलेल्या यंत्रावर ११० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलेले असेल, तर नुसता ट्रान्सफॉर्मर लावून भागत नाही. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर ती मोटार मंद फिरते आणि तापू शकते. बाहेर सगळा लोखंड-ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि भोवती ओले हात, त्यामुळे तीन पिनांचा प्लग आणि घरात चांगले अर्थिंग यांना पर्याय नाही.

एक परीक्षा मात्र आपल्याकडे अवश्य करावी. यंत्र चालू असताना भिंतीवरचे बटण बंद करून पुन्हा लावावे. चांगल्या यंत्रात पाते आपोआप फिरू लागत नाही. यंत्रावरचे बटण पुन्हा दाबावे लागते. ही सोय नसेल, तर वीज गेलेली असताना पाते पुसायला घेतलेल्या माणसाचे काय होईल, याचा विचार केलेला बरा.

न दिसणारी घाण

वरून चकचकीत दिसणाऱ्या यंत्राचे संरक्षक कडे काढायला लावावे आणि टॉर्चने पात्याच्या मागे पाहावे. वाळलेली चरबी, भेगाळलेले रबर, खड्डे पडलेला धातू, कुबट वास यांतले काहीही असले तरी सावध व्हावे. लिस्टेरिया नावाचा जिवाणू अशा सांदीत ठाण मांडतो आणि फ्रिजच्या थंडाव्यातही वाढतो. कॅनडात २००८ साली कापून विकलेल्या मांसातून याच जिवाणूची साथ पसरली आणि वीसहून अधिक माणसे दगावली. कारखान्यातील काप करणाऱ्या यंत्रांच्या आतल्या भागांवर तेव्हा संशयाचे बोट गेले. गरोदर स्त्रिया, तान्ही मुले आणि वृद्ध यांना याचा धोका अधिक असतो.

अमेरिकेत दुकानातला स्लायसर वापरात असताना दर चार तासांनी धुवावा, असा दंडक आहे. घरी तर काम आटोपले की लगेच धुवावा. आधी प्लग काढावा, बटण शून्यावर आणावे, सुटणारे भाग काढून साबणाच्या गरम पाण्याने धुवावेत. पाते मधून कडेकडे पुसावे, कडेवरून कधीही नाही. मग भांड्यांसाठी चालणारे जंतुनाशक लावून सगळे वाळू द्यावे. ॲल्युमिनियमच्या भागांना धुण्याचा सोडा लावू नये, ते काळे पडतात. दांड्यांना खाद्यतेल नको, ते चिकट होऊन बसते. खाद्ययंत्रांसाठी मिळणारे खनिज तेल वापरावे. पाते हाताळताना स्टीलच्या जाळीचा हातमोजा घालावा.

अठरा वर्षांखालच्या कामगाराने असे यंत्र चालवणे किंवा धुणे अमेरिकेच्या कायद्याला मान्य नाही. घरात कायदा पाहायला कोणी येत नाही, म्हणून नियम आईवडिलांनीच घालून द्यावा.

खरेच हवा का?

वर्षातून दोन-तीनदाच लागणार असेल, तर शेजारच्या चार घरांनी मिळून एक घेणे शहाणपणाचे. त्याहून सोपा उपाय म्हणजे मांस फ्रीझरमध्ये अर्धवट घट्ट होऊ द्यावे आणि लांब, धारदार सुरीने कापावे. काप पुष्कळ पातळ निघतात. दगडासारखे गोठलेले किंवा हाडाचे मांस मात्र यंत्रावरही घालू नये. घरून काप विकायचा विचार असेल, तर अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी आधी करावी.

आणि हिशेब असा मांडावा: जुन्या यंत्राची किंमत, नवे पाते, पट्टा, मेकॅनिकची मजुरी आणि घरी आणायचे भाडे. ही बेरीज लहान नव्या यंत्राच्या जवळ जात असेल, तर नवेच घ्यावे. जात नसेल आणि वरच्या साऱ्या परीक्षांत यंत्र उतरले असेल, तर ते निश्चिंतपणे घरी आणावे. नाताळच्या ताटातले काप एकसारखे येतील आणि कापणाऱ्याची दहाही बोटे शाबूत राहतील.