फोटोच्या मागची बाजू

निवृत्त बँक अधिकाऱ्याच्या घरी दोन गोष्टी हमखास सापडतात. एक म्हणजे हातात आलेला कुठलाही कागद उलटून त्याची मागची बाजू बघण्याची सवय, आणि दुसरी म्हणजे समारंभाच्या फोटोंनी भरलेली एक जुनी पिशवी. शाखेचं उद्घाटन, वर्धापनदिन, कर्जमेळावा, बदली झालेल्या साहेबांचा निरोप. प्रत्येक फोटोत मधोमध हार, आणि अगदी कडेला पोट आत घेऊन उभे असलेले आपण!

दिवाळीच्या आवराआवरीत आमच्या घरची ती पिशवी निघाली. ‘ठेवायचे की टाकायचे, एकदाचं ठरवा,’ सौभाग्यवतींनी बजावलं. मी फोटो उलटून पाहू लागलो. सगळ्यांच्या पाठी कोऱ्या! आयुष्यभर इतरांच्या व्हाउचरवर पाठीमागे सही नाही म्हणून ती परत पाठवणाऱ्या माणसाने स्वतःच्या एकाही फोटोमागे एक अक्षर लिहिलेलं नव्हतं.

त्यातले तीन फोटो सातपूरचे होते. १९८१ साली मी तिथल्या शाखेत रुजू झालो आणि पाच वर्षं होतो. तिन्ही फोटो वहीत घालून एका सकाळी त्र्यंबक नाक्यावरून पायीच निघालो. रिक्षातून जुनं गाव दिसत नाही, फक्त नवी दुकानं दिसतात.

आणि हा रस्ता तसा चालणाऱ्यांचाच. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेच्या दिंड्या आजही याच वाटेने त्र्यंबकेश्वरी जातात. त्याच त्र्यंबकेश्वरात १८७० साली दादासाहेब फाळके जन्मले. सिनेमा काढण्यापूर्वी त्यांनी छायाचित्रकार म्हणून पोट भरलं होतं. तेव्हा हातात फोटो घेऊन चालायला याहून योग्य रस्ता नाशकात दुसरा नसावा.

पहिला फोटो या रस्त्याचाच. माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने साठच्या दशकाच्या अखेरीस काढलेला. दुतर्फा झाडं, मधून चाललेली बैलगाडी आणि लांबवर, अगदी बारीक, एक धुराडं. १९६२ साली राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि सातपूरच्या शिवारात औद्योगिक वसाहत उभी राहू लागली, तो हा काळ. मी फोटो हातात धरून पुढेमागे सरकत ती जागा शोधत होतो. मागचे वाहनवाले भोंगे वाजवत होते. जागा काही सापडली नाही. झाडंच नाहीत, तर खूण कशाची धरायची?

पण एक गोष्ट लक्षात आली. जिथे खुणा पुसल्या, तिथे नावं उरली आहेत. मायको कंपनीचं नाव २००८ साली बदलून बॉश झालं, तरी चौक अजून मायको सर्कलच आहे. सिग्नलला लोक ‘पपया नर्सरी’ म्हणतात; म्हणताना पपईचं झाड कुणाच्या डोळ्यांपुढे येत नसेल. ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या तीन नगरपालिका एकत्र होऊन महानगरपालिका झाली. तरीही आमचे खातेदार पुढे कितीतरी वर्षं ‘जरा नाशिकला जाऊन येतो’ असंच म्हणायचे.

दुसरा फोटो पाडव्याच्या यात्रेतला. सातपूरला पाडव्याला बारा गाड्या ओढतात. एकापुढे एक जुंपलेल्या गाड्या, त्यावर दाटीवाटीने बसलेली माणसं, गुलाल. मागे कारखान्याचं पत्र्याचं छप्पर. गावठाणातल्या चहाच्या टपरीवर तो फोटो बाकावर ठेवला आणि पाच मिनिटांत भोवती सात-आठ डोकी जमली. ‘हे आमचे चुलते!’, ‘ही गाडी त्यांच्याकडचीच!’ बँकेत पाच वर्षं बसून मला गावाची जेवढी नाती कळली नाहीत, तेवढी एका चहात कळली.

तिसऱ्या फोटोसाठी मात्र मी खरा आलो होतो.

१९८३ साली आमची शाखा नव्या जागेत गेली, त्या समारंभाचा तो फोटो. खुर्च्यांवर साहेबलोक, मागे आम्ही कर्मचारी, आणि डाव्या कडेला पागोटं बांधलेला एक म्हातारा. त्या म्हाताऱ्याने चाळीस वर्षं माझा पिच्छा सोडला नव्हता. कारण सांगतो.

रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात एक वृद्ध शेतकरी बचत खातं उघडायला आला. त्याची जमीन वसाहतीत गेली होती. मी फॉर्म भरत होतो. ‘व्यवसाय?’ मी विचारलं. ‘शेती,’ तो म्हणाला. रांग लांब होती, मी तरुण होतो आणि नियमांचा पक्का होतो. ‘बाबा, जमीन तर गेली ना? मग शेती कसली?’ तो काही बोलला नाही. मी त्या रकान्यात लिहिलं : ‘काही नाही’. त्याने अंगठा उठवला. अंगठ्याची शाई पुसायला मी त्याला कागद दिला, तो त्याने घेतला नाही. धोतरालाच बोट पुसून तो निघून गेला.

त्या अर्जात खोटं काही नव्हतं. पुढे तपासणीत त्यावर शेराही आला नाही. पण ते दोन शब्द लिहिताना माझा हात जराही अडला नाही, याची लाज मला पुढे वाटू लागली आणि मग वाटतच राहिली.

टपरीवर त्यांचं नाव सांगितलं. (ते इथे लिहीत नाही, खातेदाराचं नाव बाहेर काढायचं नाही, ही खोड निवृत्तीनंतरही जात नाही.) एक मुलगा मला त्यांच्या घरी घेऊन गेला. ओट्यावर त्यांची सून बसली होती, आता सत्तरी ओलांडलेली. मी फोटो पुढे केला, कडेच्या म्हाताऱ्यावर बोट ठेवलं. माफीची दोन-चार वाक्यंही मनात तयार होती.

आजींनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि म्हणाल्या, ‘साहेब, हे आमचे बाबा नाहीत.’

‘नीट बघा, आजी.’

‘बघितलं की. ह्यांच्या पायात बूट हायेत. बाबांनी जन्मात पायात कधी बूट घातला नाही.’

मी पाहिलं. खरंच, बूट होते. चाळीस वर्षं ज्या चेहऱ्याची मी मनातल्या मनात क्षमा मागत होतो, तो माणूसच वेगळा होता! मग हा कोण? आजींना ठाऊक नव्हतं. जमलेल्यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी फोटो परत घेऊ लागलो, तर आजींनी तो सोडला नाही. नातवाने मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि दोन बोटांनी मोठा करून त्यांच्यापुढे धरला. आमच्या सगळ्यांच्या डोक्यांवरून मागे, मांडवाच्या खांबापलीकडे, काहीतरी दगडी दिसत होतं.

‘ही आमची विहीर,’ आजी म्हणाल्या. ‘ही धाव. बैल हितून उतरायचे. मोट वर आली का पाणी ह्या थारोळ्यात पडायचं. लगीन होऊन आले तेव्हा मी हितंच भांडी घासायची.’

ती जागा त्यांनी आम्हाला चालत नेऊन दाखवली. तिथे आता एक कुंपणाची भिंत आहे, आत बंद शेड. विहीर कधी बुजवली, यावर सून आणि नातू यांचं एकमत झालं नाही. मी फोटो हातात धरून उभा राहिलो आणि मला एकच दिसत राहिलं : आम्ही सगळे कॅमेऱ्याकडे तोंड करून हसतोय, आणि आमची पाठ त्या विहिरीकडे आहे. फोटो चाळीस वर्षं माझ्या घरात होता. त्यात मी फक्त स्वतःला आणि स्वतःच्या अपराधाला पाहत आलो होतो.

परतताना इमारतींच्या फटीतून पांडवलेण्यांचा डोंगर दिसला. तिथल्या एका शिलालेखात आमच्या धंद्याचा फार जुना कागद आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी नहपान राजाचा जावई उषवदात याने भिक्खूंसाठी तीन हजार कार्षापण गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. दोन हजार दरमहा शेकडा एक दराने, एक हजार शेकडा पाऊण दराने. मुद्दल मोडायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. हे गोवर्धन म्हणजे सातपूरच्या पलीकडे गोदावरीच्या बाजूचं आजचं गोवर्धन गाव, असं मानतात. उषवदाताचा चेहरा कुणी पाहिलेला नाही, पण नाव, रक्कम आणि दर शाबूत आहेत. माझ्या फोटोतल्या म्हाताऱ्याचा चेहरा, पागोटं, बूट सगळं शाबूत आहे, आणि नाव नाही.

बँकेत दहा वर्षं कुणी फिरकलं नाही, तर २०१४ पासून ती ठेव रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होते. वारस कधीही आला तरी पैसे मिळतात. बिननावाच्या फोटोला अशी सोय नाही. तो वाचू शकणारं शेवटचं माणूस गेलं की खातं कायमचं बंद.

तेव्हा आज रविवार आहे, घरात सगळे असतील. माळ्यावरची ती पेटी खाली काढा आणि घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाच्या शेजारी जाऊन बसा. चेहरे तर विचाराच, पण मागचं झाड कुठलं, भिंत कुणाची, विहीर कुणाची, हेही विचारा. आणि पेन्सिलीने, हलक्या हाताने, फोटोच्या मागे लिहून ठेवा.

मी घरी येऊन लिहिलं. १९८३, सातपूर. खुर्चीवरच्यांची नावं, उभ्यांची नावं. ‘डावीकडचे पागोटेवाले गृहस्थ : ओळख पटली नाही.’ त्याखाली विहिरीच्या मालकाचं पूर्ण नाव, आणि त्यापुढे ‘व्यवसाय : शेती’.

मोठी करून घेतलेली एक प्रत आजींना देऊन आलो. त्यांनी ती भिंतीला लावली आहे. आम्ही सगळे कापलेले आहोत. फक्त विहीर ठेवली आहे.