फाईल तुमची, उघडणार कोण?

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. प्रोजेक्ट उद्या द्यायचा आहे. रिपोर्ट, पीपीटी, कोड, शिबिरात काढलेले साठ-सत्तर फोटो असं सगळं तुम्ही एका फोल्डरमध्ये कोंबलंय. जीमेल म्हणतं, २५ एमबीच्या वर अटॅचमेंट जाणार नाही. हॉस्टेलच्या ग्रुपवर विचारलं की दोन मिनिटांत उत्तर येतं, "विनरार टाक ना बे, माझ्या पेन ड्राइव्हमध्ये आहे. क्रॅकसकट!"

त्या पेन ड्राइव्हला हात लावण्याआधी जरा थांबा. वर्धा असो, हिंगणघाट असो की पुलगाव, आपल्याकडे सेकंडहँड लॅपटॉपवर जी सॉफ्टवेअर दिसतात त्यातली निम्मीअधिक कुणीतरी "टाकून दिलेली" असतात. टाकणारा कोण, त्यानं कुठून आणलं, हे आपण विचारत नाही. फाईल दाबण्याचं सॉफ्टवेअर ही तर इतकी फुटकळ गोष्ट वाटते की निवड करायची असते हेच लक्षात येत नाही. पण पासबुक, आधार, जातीचा दाखला, मार्कशीट, प्रोजेक्ट हे सगळं याच्याच हातातून जातं.

आधी "मोफत" या शब्दाचा निकाल लावू. विनरार मोफत नाही. आरएआर हा प्रकार रशियाच्या युजीन रोशाल यांनी १९९३ मध्ये तयार केला, आणि त्यांचं विनरार १९९५ पासून विकलं जातंय. वापरून बघायला ४० दिवस मिळतात. त्यानंतर ते "विकत घ्या" अशी खिडकी दाखवतं, पण बंद पडत नाही. जगभर यावर विनोद झालेत. तरी हिशेब साधा आहे. दुकानदार मागत नाही म्हणून उधारी फिटली असं होत नाही. आणि क्रॅकचं तर विचारूच नका. ज्या दाराला कुलूपच लागत नाही, ते फोडायला चोराला घरात बोलवायचं, असला तो प्रकार. क्रॅकच्या फाईलसोबत काय येतं हे अँटिव्हायरस बंद करून ती चालवणाऱ्याला कळतच नाही, आणि ती चालवताना अँटिव्हायरस बंद करायलाच सांगतात.

सेव्हन-झिपची गोष्ट वेगळी आहे. इगोर पाव्हलोव्ह या रशियन प्रोग्रामरनं ते १९९९ मध्ये आणलं. त्याचा कोड खुला आहे. घरी वापरा, कॉलेजच्या लॅबमध्ये वापरा, उद्या स्वतःचं ऑफिस काढलं तर तिथं वापरा. नोंदणी नाही, पैसे नाहीत, जाहिरात नाही. इन्स्टॉलर दीड एमबीच्या आसपास, म्हणजे तुमच्या फोनमधल्या एका फोटोपेक्षाही लहान. दिसायला अगदी जुनाट आहे, ते मान्य. त्या हिरव्या प्लसच्या आणि निळ्या मायनसच्या बटणांकडे बघून कुणी प्रेमात पडणार नाही. देखणं काही हवं असेल तर पीझिप आहे. तेही खुलं आणि मोफत, आतलं बरंचसं काम सेव्हन-झिपच्याच इंजिनवर चालतं. विंडोज ११ वाल्यांना राइट क्लिकच्या नव्या मेन्यूत नीट बसणारं हवं असेल तर सेव्हन-झिपवरूनच केलेलं नानाझिप मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये मिळतं. माझं मत विचाराल तर सेव्हन-झिप पुरे.

आणि खरं तर अनेकांना तेही लागत नाही. विंडोज एक्सपीपासून झिप करण्याची आणि उघडण्याची सोय विंडोजमध्येच आहे. राइट क्लिक करा, झालं. विंडोज ११ तर २०२३ पासून आरएआर आणि सेव्हन-झेड फाईलही स्वतःच उघडतं. कुणी फाईल पाठवली आणि नुसती उघडायची आहे, तर आधी डबल क्लिक करून बघा. त्यासाठी पेन ड्राइव्हवाल्या भाऊची गरज नाही.

दाबलं तरी दबत नाही

आता जास्त महत्त्वाचं. तो साठ फोटोंचा फोल्डर कोणत्याही सॉफ्टवेअरनं झिप करा, शंभर एमबीचे शंभरच्या आसपासच राहणार. दोष सॉफ्टवेअरचा नाही.

फाईल दाबणं म्हणजे पुनरावृत्ती काढून टाकणं. रासेयोच्या शिबिरात तुम्ही गावाचा सर्व्हे केला, चारशे घरांची यादी साध्या टेक्स्ट फाईलमध्ये टाकली, आणि प्रत्येक ओळीत "ता. समुद्रपूर, जि. वर्धा" आलं. सॉफ्टवेअर ते एकदाच पूर्ण लिहितं, पुढे प्रत्येक वेळी फक्त खूण करतं, "मागे इतक्या अंतरावर आहे तेच, इतक्या लांबीचं". ही कल्पना अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव्ह या दोघांची, १९७७ ची. त्यावर दुसरी युक्ती चढते. जे चिन्ह वारंवार येतं त्याला छोटा कोड, क्वचित येतं त्याला लांब. ही डेव्हिड हफमनची. आणि तिची कथा तुम्हाला आवडेल. १९५१ मध्ये एमआयटीत शिकत असताना त्याच्या प्राध्यापकांनी, रॉबर्ट फानो यांनी, वर्गाला पर्याय दिला होता. शेवटची परीक्षा द्या, नाहीतर एका प्रश्नावर निबंध लिहा. प्रश्न असा की सर्वांत आटोपशीर कोड कसा बनवायचा. हफमन महिनोन् महिने अडला. शेवटी नाद सोडून परीक्षेचा अभ्यास करायला बसणार, तेवढ्यात उत्तर सुचलं. परीक्षा टळली. १९५२ मध्ये तो लेख छापून आला आणि आजही तुमच्या प्रत्येक झिप फाईलमध्ये, प्रत्येक जेपीजी फोटोमध्ये तीच युक्ती आहे.

जेपीजीमध्येही आहे, आणि मेख तिथंच आहे. फोनचा फोटो आधीच दाबून ठेवलेला असतो. व्हिडिओ, एमपीथ्री, बहुतेक पीडीएफही तसेच. पिळलेला कपडा पुन्हा पिळून किती पाणी निघणार? गणितवाल्यांसाठी याचा पुरावाही सोपा आहे. कोणतीही फाईल लहान करून दाखवणारं सॉफ्टवेअर असूच शकत नाही, कारण लहान फाईलींची संख्या मोठ्यांपेक्षा कमी आहे. दहा कबुतरं नऊ खुराड्यांत एकेकटी बसणार नाहीत. त्यामुळे "९० टक्के लहान करा, कोणतीही फाईल" अशी जाहिरात दिसली की ती खिडकी बंदच करा.

तुमच्या लॅपटॉपवर एक गंमत करून बघा. एखाद्या पीपीटीची किंवा वर्ड फाईलची कॉपी करा, आणि कॉपीच्या नावाच्या शेवटचं पीपीटीएक्स किंवा डॉकएक्स पुसून तिथं झिप लिहा. विंडोज कुरकुर करेल, हो म्हणा. आता ती उघडा. आत फोल्डर दिसतील, त्यात "मीडिया" नावाचा, आणि त्यात तुम्ही स्लाइडवर टाकलेले फोटो जसेच्या तसे. म्हणजे तुमची पीपीटी ही आधीपासूनच झिप फाईल आहे! तिला पुन्हा झिप करून काही मिळत नाही. तिला हलकं करायचं असेल तर पॉवरपॉइंटमध्येच फोटोवर क्लिक करून "कॉम्प्रेस पिक्चर्स" निवडा. ४० एमबीची पीपीटी अनेकदा त्यातच मेलमध्ये मावते.

हीच गोष्ट महाडीबीटीवर स्कॉलरशिपचा फॉर्म भरताना. तिथं कागदपत्रांची मर्यादा केबीत मोजली जाते आणि झिप चालतच नाही. तिथं दाखल्याचं स्कॅनिंगच कमी रिझोल्यूशननं, ग्रेस्केलमध्ये करावं लागतं. झिपचं सॉफ्टवेअर शोधत बसलात तर शेवटची तारीख निघून जाईल. मग फोटोंचं काय? ड्राइव्हवर टाका, लिंक पाठवा. झिपचा उपयोग तिथं आकार कमी करायला नाही, साठ वस्तूंची एक मोट बांधायला आहे. तोही उपयोग लहान नाही. साठपैकी दोन फोटो राहून गेले, असं मग होत नाही.

"वर्धा"ची अल्फा का होते?

ज्या गावात हिंदी विश्वविद्यालय आहे तिथं देवनागरीत नाव दिलेल्या फाईली काही नवलाच्या नाहीत. पण "वर्धा सर्वेक्षण" नावाची फाईल झिप करून पाठवली आणि समोरच्याला भलतीच चिन्हं दिसली, हा अनुभवही नवा नाही. ग्रीक अल्फा, मग डोक्यावर लाट असलेला स्पॅनिश एन, पुन्हा अल्फा.

कारण असं. झिप हा प्रकार फिल कॅट्झ यांनी १९८९ मध्ये आणला, तेव्हा नावं जुन्या अमेरिकन कोडमध्ये लिहिली जायची. युनिकोडमध्ये नाव लिहिण्याची सोय त्यात २००६ मध्ये आली, आणि जुनी सॉफ्टवेअर ती खूण बघत नाहीत. युनिकोडच्या नेहमीच्या रूपात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. "वर्धा" म्हणजे व, र, हलन्त, ध, काना. पाच चिन्हं, पंधरा बाइट. इंग्रजीत तेच सहा. देवनागरीचा पहिला बाइट कायम एकच, दुसरा दोनपैकी एक. जुन्या कोडमध्ये त्या पहिल्याचा अर्थ अल्फा आणि दुसऱ्याचा तो लाटवाला एन. म्हणून सगळं मराठी एकसारखंच बिघडलेलं दिसतं!

याची दुसरी बाजू मात्र आपल्या फायद्याची आहे. दर तीन बाइटमधले दोन ठरलेले असल्यानं साधा मराठी मजकूर मस्त दबतो. तीनपट जागेचा दंड झिपमध्ये बराचसा वसूल होतो. सेव्हन-झेड प्रकारात नावं युनिकोडमध्येच ठेवली जातात, तिथं हा घोळ नाही. झिपच पाठवायची असेल आणि पलीकडे कोणतं मशीन आहे माहीत नसेल, तर फाईलींची नावं रोमन अक्षरांत द्या. आतलं मराठी सुरक्षित राहतं.

आणि इथं खरी निवड येते. सॉफ्टवेअर तुमच्या सोयीनं निवडा, पण फाईलचा प्रकार उघडणाऱ्याच्या सोयीनं. सेव्हन-झेड साधारणपणे झिपपेक्षा लहान होते, म्हणून स्वतःच्या बॅकअपसाठी तीच चांगली. पण सरांच्या विंडोज १० वर ती आपोआप उघडत नाही. झेरॉक्सच्या दुकानातल्या मशीनवर तर नाहीच. मॅडम फोनवरच बघणार असतील तर झिपशिवाय दुसरं पाठवूच नका. आरएआर बनवायचं कारण मला तरी सापडत नाही. ते बनवायला विनरारच लागतं. सेव्हन-झिप ते उघडतं, बनवत नाही.

कोडचा प्रोजेक्ट असेल तर एक्झे फाईल आधी काढून टाका. जीमेल झिपच्या आतही डोकावतं आणि ती दिसली तर मेल अडवतं.

पासवर्ड लावायचा असेल तर इथं विंडोजची सोय संपते, सेव्हन-झिप लागतंच. झिपमध्ये पासवर्डचे दोन प्रकार दिसतील. झिपक्रिप्टो जुना आणि कच्चा, १९९४ मध्येच संशोधकांनी तो फोडण्याची रीत छापली. एईएस-२५६ मजबूत, पण विंडोजचा स्वतःचा झिपवाला तो उघडत नाही, पलीकडेही सेव्हन-झिप असावं लागतं. शिवाय झिपला पासवर्ड असला तरी आतल्या फाईलींची नावं कुणालाही दिसतात. सेव्हन-झेडमध्ये "एन्क्रिप्ट फाईल नेम्स"वर टिक केलं की तीही झाकली जातात. पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहू नका, फोन करून सांगा. आणि विसरू नका, कारण "फर्गॉट पासवर्ड" इथं नसतं.

घेताना पत्ता नीट बघा. सातचा इंग्रजी आकडा, आडवी रेघ, झिप, आणि शेवटी डॉट ऑर्ग. डॉट कॉम नव्हे. सर्चमध्ये सर्वांत वर येणारी जाहिरात तर नव्हेच. एकदा टाकलं की काम संपलं असंही नाही. विनरारमध्ये २०२३ आणि २०२५ मध्ये अशा भेगा सापडल्या ज्यांचा हल्लेखोरांनी प्रत्यक्ष वापर केला. सेव्हन-झिपमधलीही एक भेग नोव्हेंबर २०२४ च्या २४.०९ आवृत्तीत बुजवावी लागली. दोन्ही आपोआप अपडेट होत नाहीत. सेमिस्टरच्या सुरुवातीला "हेल्प"मधल्या "अबाउट"मध्ये आकडा बघून नवी आवृत्ती वर चढवली की झालं. क्रॅकवाल्याला ही सोय नाही, तो त्याच भेगेसकट अडकून बसतो.

चार जीबी रॅमचा लॅपटॉप असेल तर "अल्ट्रा"च्या मोहात पडू नका. मशीन घोंघावत बसेल आणि फरक थोडाच पडेल, "नॉर्मल" ठेवा. चार जीबीहून मोठी फाईल जुन्या धाटणीच्या पेन ड्राइव्हवर जात नसेल, तर "स्प्लिट टु व्हॉल्यूम्स"मध्ये तुकडे करता येतात. फाईल बनली की पाठवण्याआधी एकदा "टेस्ट"चं बटण दाबा.

आणि हो, "टूल्स"मध्ये "ऑप्शन्स", तिथं "लँग्वेज"चा टॅब. खाली सरकत जा, यादीत मराठी आहे.