संध्याकाळी पंचवटीकडे बघा!

नाशिककरांनो, ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की इंद्रधनुष्य गाठायची ही हमखास युक्ती. सूर्य पाठीशी घ्या. डोक्याची सावली जिथे पडते तिथून, हात ताणून, दोन विती मोजा. साधारण ४२ अंश होतात. लाल पट्टा तिथेच. सूर्य याहून वर चढला की कमान क्षितिजाखाली जाते, म्हणून भर दुपारी आकाशात शोधू नका. संध्याकाळी गंगापूर रोडवरून पंचवटीकडे, सकाळी त्र्यंबकच्या डोंगरांकडे बघा.

थेंबात शिरताना किरण वळतो, आत परावर्तित होतो, बाहेर पडताना पुन्हा वळतो. जांभळा जास्त, लाल कमी. एक थेंब तुमच्या डोळ्याला एकच रंग पाठवतो, त्यामुळे शेजारच्याचं इंद्रधनुष्य वेगळ्याच थेंबांचं! कधी ५१ अंशांवर दुसरी, फिकट कमान दिसते. तिच्यात लाल आतल्या बाजूला, आणि दोन्हींमधलं आकाश चक्क काळपट.

माझी आवडती गंमत मात्र पोलराइज्ड गॉगलची. तो लावला की कमानीचा माथा जवळजवळ गायब, कारण हा प्रकाश ध्रुवित असतो. सोमेश्वरच्या धबधब्याच्या तुषारांवरही करून बघा, पण काठापासून लांब राहूनच. पावसाळ्यात तिथले खडक भयंकर निसरडे असतात.